केका, अभंग आणि ओवी : आर्त वाणीच्या परीक्षेचा विचार

मोरोपंतांच्या केकावलीविषयीं आपल्या समीक्षेंत दोन मतें फार दिवसांपासून शेजारींशेजारीं नांदत आलीं आहेत. एक पक्ष म्हणतो कीं, आयुष्यभर यमकें जुळविणाऱ्या पंडितानें अखेरीस आपलें अंतःकरण मोकळें केलें, तें या काव्यांत. दुसरा विचारतो कीं, जो कवि पृथ्वीसारख्या अवघड वृत्तांत, शब्दास श्लेष आणि अक्षरास अनुप्रास जोडीत आक्रंदन करतो, त्याचें आक्रंदन खरें कसें मानावें? विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं निबंधमालेंत पंतांच्या कवितेचा कैवार घेतला, ल. रा. पांगारकरांनीं १९०८ सालीं कवीचें चरित्र व काव्यविवेचन विस्तारानें प्रसिद्ध केलें. तरी दुसऱ्या पक्षाची शंका मावळली नाहीं. आमच्या मतें दोन्ही पक्ष एकाच गृहीतावर उभे आहेत. तें असें कीं, वेदना खरी असली म्हणजे वाणी आपोआप साधी होते. हें गृहीतच तपासून पाहावें, एवढा या लेखाचा हेतु आहे. तपासणीस फार दूर जावयास नको. बारामतीहून इंदापुरास जाणारा पन्नासेक किलोमीटरांचा रस्ता पुरे आहे. कऱ्हेकांठीं रचली गेलेली केका, दर वर्षीं पालखीबरोबर त्या रस्त्यानें जाणारा अभंग, आणि त्याच रस्त्यावरील निमगांव केतकीसारख्या गांवांत जात्यावर म्हटली गेलेली ओवी, अशीं आर्त वाणीचीं तीन रूपें तेथें एका ओळींत भेटतात.

प्रथम आक्षेपकांची बाजू तिच्या पूर्ण बळानिशीं मांडली पाहिजे. मोरेश्वर रामजी पराडकर यांचा जन्म १७२९ सालचा, पन्हाळ्याचा. केशव व गणेश पाध्ये यांजपाशीं त्यांचें अध्ययन झालें. पुढें पेशव्यांचे आप्त व सावकार बाबूजी नाईक बारामतीकर यांच्या आश्रयानें ते बारामतीस आले, पुराण सांगूं लागले, आणि १७९४ च्या चैत्रांत तेथेंच त्यांनीं देह ठेवला. या दीर्घ व स्थिर आयुष्यांत त्यांनीं समग्र भारत आर्यावृत्तांत उतरविलें. बारकाईनें पाहतां त्यांतील बहुतेक पद्यें गीतीचीं आहेत. रामायणें तर त्यांनीं शंभराच्या घरांत रचलीं, आणि प्रत्येकांत एखादा नवा निर्बंध आपणांवर लादून घेतला. निरोष्ठ रामायण हें त्यांतील प्रसिद्ध उदाहरण. त्यांत ओठास ओठ लावणारा वर्ण येऊं द्यावयाचा नाहीं. 'म' हा ओष्ठ्य वर्ण असल्यामुळें रामाची कथा सांगावयाची, परंतु 'राम' हें नांव मात्र घ्यावयाचें नाहीं, असा प्रसंग कवीनें स्वतःवर ओढवून घेतला. ज्यास देवाचें नांव सोडून देवाची कथा सांगण्यांत आनंद वाटतो, त्याच्या आर्तीवर विश्वास कोणीं ठेवावा, असें कोणीं विचारलें तर तो प्रश्न उडवून लावण्यासारखा नाहीं.

आतां केकावली पाहावी. एकशेंवीसहून कांहीं अधिक केकांचें हें स्तोत्र कवीच्या उत्तरवयांतील आहे. त्यांत एखाद्या लौकिक आपत्तीची हकीकत नाहीं. कोण गेलें, काय हरवलें, कोणीं छळलें, हें कवि सांगत बसत नाहीं. गाऱ्हाणें एकच कीं, मी हांक मारीत आहें आणि तूं येत नाहींस. प्रथम चरणांची स्तुति, मग आपल्या अपात्रतेची कबुली, मग पूर्वीं तारलेल्यांचे दाखले, मग 'मला तारलें नाहींस तर तुझ्याच कीर्तीस बाध येईल' असा वकिली युक्तिवाद, आणि मधूनमधून देवास लाडिक दूषण, अशा पायऱ्यांनीं तें काव्य चढत जातें. मराठीचें व्याकरण लिहिणाऱ्या दादोबा पांडुरंगांनीं १८६५ सालीं 'यशोदापांडुरंगी' ही टीका लिहिली ती याच काव्यावर. वैयाकरणानें टीकेसाठीं आर्तस्तोत्र निवडावें, आणि त्या आर्तस्तोत्रास वैयाकरणाची टीका लागावी, या दोन्ही गोष्टींत त्या काव्याचें स्वरूप स्पष्ट दिसतें.

नांवाचाच विचार करूं. अमरकोशांत केका म्हणजे मयूराची वाणी. कवि स्वतःस मयूर म्हणवितो. मयूर घनाकडे पाहून ओरडतो. आणि येथील घन तो घनश्याम. हा श्लेष सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या शब्दांत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे लक्ष थोडें गेलें आहे. नारदीय शिक्षेंत सात स्वर सात प्राण्यांच्या वाणीशीं जोडले आहेत, आणि षड्ज मयूरास दिला आहे. रघुवंशाच्या पहिल्या सर्गांत दिलीप व सुदक्षिणा रथांतून वसिष्ठाश्रमास जात असतां रथाच्या घोषानें मान वर करणाऱ्या मोरांच्या केका कालिदासानें षड्जाशीं संवादी म्हटल्या आहेत, आणि त्या दोन प्रकारांत भिन्न झाल्याचें सांगितलें आहे. मल्लिनाथ तेथें षड्जाचा शुद्ध व विकृत असा भेद दाखवितो. म्हणजे आपल्या परंपरेनें मोराच्या हांकेस गायनाचा पायाच मानिलें. ज्या स्वरावर बाकीचे सहा उभे राहतात, तो मूळचा एका पक्ष्याच्या उत्कंठेचा स्वर आहे, असें ती परंपरा सांगते. पंतांसारख्या व्युत्पन्न कवीनें हें नांव निवडलें तेव्हां हा संकेत त्यांस अपरिचित असणें संभवत नाहीं.

नांवानंतर वृत्त. पृथ्वीच्या चरणांत सतरा अक्षरें. गण ज, स, ज, स, य आणि शेवटीं लघु-गुरु. यति आठव्या अक्षरावर. हें लक्षण प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. पण तें म्हणून पाहिल्यावांचून कळत नाहीं. शार्दूलविक्रीडिताचा चरण तीन गुरूंनीं भरदार पाऊल टाकीत येतो. पृथ्वीचा चरण एका लघूनें दबकत शिरतो. आठवें अक्षर गुरु, तेथें वाणी थांबते. आणि थांबल्याबरोबर पुढें सलग तीन लघु येतात. कोंडलेला श्वास सुटून धांवावा आणि पुन्हां एका गुरूवर अडखळावा, तशी ती गति आहे. आम्हीं अध्यापनाच्या काळांत अनुभविलें कीं, अन्वय न लागलेलीं मुलेंहि केका चालीवर म्हणतांना त्या यतीपाशीं आवाज आपोआप खालीं आणीत. अर्थ कळण्याआधीं त्यांस आर्जव कळे. जें वृत्त आक्षेपकांस कृत्रिमतेचा पुरावा वाटतें, तेंच येथें गळ्याचें काम करतें.

या ठिकाणीं एका प्राचीन विचाराचें स्मरण अवश्य आहे. क्रौंचवधाच्या प्रसंगीं वाल्मीकीचा शोक श्लोक झाला, असें आनंदवर्धन म्हणतो. त्यावर लोचनकार अभिनवगुप्त बजावितो कीं, तो शोक मुनीचा खासगी शोक समजूं नये. कारण दुःखानें होरपळत असलेल्या मनुष्यास काव्य सुचण्याची अवस्था नसते. काठोकाठ भरलेला घडा जसा सांडतो तसा तो भाव बाहेर सांडला, आणि योग्य शब्द, छंद व वृत्त यांच्या नियंत्रणामुळें त्यास श्लोकाचें रूप आलें, असा त्याचा अभिप्राय आहे. छंदाचें नियंत्रण हें शोकाचें शत्रु नव्हे. शोक श्लोक होतो तो त्या नियंत्रणामुळेंच. हें मान्य केलें म्हणजे 'वृत्त अवघड, म्हणून व्यथा खोटी' हें अनुमान टिकत नाहीं.

तथापि याचा अर्थ असा नव्हे कीं, केकावलींतील प्रत्येक केका सारखीच आर्त आहे. मग परीक्षा कोणती लावावी? आमची सूचना अशी कीं, पद्य कठीण आहे कीं सोपें, हें विचारूं नये. तें कोणास उद्देशून म्हटलें आहे, हें विचारावें. आर्त वाणीस संबोध्य लागतो. ज्या केकांत कवीचें तोंड देवाकडे आहे, त्यांतील श्लेषहि हट्टी मुलाच्या युक्तीसारखा वाटतो. तो देवास कोंडींत धरण्यासाठीं योजिलेला असतो. परंतु कांहीं केकांत शब्दचमत्कार एवढा वाढतो कीं, कवि मधूनच मान वळवून सभेंतील शास्त्र्यांकडे पाहत असल्याचा भास होतो. तेवढ्या वेळापुरता देव बाजूस राहतो आणि रसिक पुढें येतो. तेथें केका विझते. निरोष्ठ रामायण सर्वस्वीं सभेसाठीं आहे, म्हणून त्यांत नांव गाळणें शोभतें. केकावली देवासाठीं आहे, म्हणून तींत सभेकडे टाकलेला एक कटाक्षहि खटकतो. पंतांच्या काव्यांतील कृत्रिम व अकृत्रिम यांची सीमारेषा वृत्तावरून न काढतां या संबोध्यावरून काढली, तर पुष्कळ वाद आपोआप मिटतील.

ही कसोटी पंतांपुरतीच आहे काय, हें पाहण्यासाठीं आतां रस्त्यास लागूं. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणबाबा यांनीं १६८५ सालीं सुरू केलेला पालखीचा सोहळा देहूहून निघून बारामती, सणसर, निमगांव केतकी, इंदापूर, सराटी या वाटेनें नीरा ओलांडतो; वाटेंत बेलवडीस रिंगण होतें. म्हणजे ज्या कवीस पंडितकवि म्हणून तुकोबांच्या समोरच्या पारड्यांत घालण्याची आपली चाल आहे, त्याच्याच गांवांतून तुकोबांची वाणी वर्षास एकदां टाळमृदंगांसह जाते. तुकोबांची व्यथा अनुभवाची होती, याविषयीं कोणाचें दुमत नाहीं. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळांत धन गेलें, पत गेली, पहिली पत्नी अन्नावांचून गेली. हें त्यांनीं स्वतः आपल्या आत्मपर अभंगांत सांगितलें आहे. पण तें सांगतांनाहि अभंगाचें यमक कोठें सुटलेलें नाहीं. त्यांचे बंधु कान्होबा यांचे तुकोबांच्या प्रयाणानंतरचे अभंग तर विलापाचेच आहेत. त्यांत ते देवाशीं भांडतात, आपला भाऊ परत मागतात, आणि हें भांडणहि अक्षरांच्या व चरणांच्या हिशेबांतच चालतें. साधेपण तेथें आहे, पण अनिर्बंधपण नाहीं. टाळाचा ठेका हा हजारो पावलांस एकत्र चालवितो, आणि एकट्याचा हुंदका त्या ठेक्यांत शिरल्यावांचून दुसऱ्याच्या तोंडीं जात नाहीं. तुकोबा व पंत यांच्यांत अंतर मोठें आहे. परंतु तें नियम पाळणारा आणि न पाळणारा असें नाहीं. तुकोबांचें तोंड विठ्ठलाकडून क्वचितच वळतें, आणि वळलें तर तें दांभिकांस फटकारण्यासाठीं वळतें, त्यांची वाहवा घेण्यासाठीं नव्हे. पंतांचें वळतें तें बहुधा वाहवेसाठीं. हेंच तें अंतर.

आतां तिसरें रूप. निमगांव केतकीच्या परिसरांत, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रांत, पिठाच्या गिरण्या येईपर्यंत पहांटेचें पहिलें काम दळणाचें असे. साने गुरुजींनीं 'स्त्री-जीवना'त अशा ओव्या संग्रहित केल्या, तेव्हां शिष्ट वाचकांचें लक्ष त्यांकडे गेलें. पुढें हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह पुण्याहून जें संकलन केलें, तें हजाराहून अधिक गांवांतील असून त्यांत एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. इंदापूर तालुक्यांतील निमगांव केतकीच्या स्त्रियांच्या ओव्याहि त्यांत आहेत. त्यांतील कांहीं ओव्यांचे आवाज मुद्रित झाले असून, २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर ते ऐकावयास मिळतात. या ओव्यांत माहेर आहे, भाऊ आहे, वारी आहे. आणि सासुरवास, वैधव्य, लेकीच्या जन्माचें ओझें हेंहि आहे. सीतेचा वनवास तर त्यांत पुनःपुन्हां येतो. रानांत रडणाऱ्या सीतेचें दुःख ऐकणाऱ्या बोरी-बाभळी तेथें बायकाच होऊन जातात. पंतांनीं रामायणें शंभराच्या घरांत लिहिलीं. जात्यापाशीं रामायण एकच होतें, तें सीतेचें, आणि तें दळणारणीनें आपल्या अंगावर घेतलेलें असे.

येथें आमच्या कसोटीस खरी परीक्षा द्यावी लागते. कारण ही गाणारी निरक्षर. तिला पृथ्वी ठाऊक नाहीं, सभा ठाऊक नाहीं. मग तिची वाणी निर्बंधरहित आहे काय? मुळींच नाहीं. ओवीचा चरण जात्याच्या फेऱ्यानें मोजलेला असतो. ठरलेले शब्द, ठरलेलीं संबोधनें, ठरलेली चाल यांतूनच ती आपलें सांगते. जात्याची घरघर हा तिचा षड्ज, आणि खुंट्यावरचा हात हा तिचा ताल. आणि संबोध्य? तो तर अगदीं समोर आहे. पुष्कळ ओव्यांत ती जात्यासच देव मानून त्याशीं बोलते. जें सासूस, पतीस, पित्यास सांगतां येत नाहीं, तें ती दगडास सांगते. घरांतील पुरुषमंडळी शेजारच्या खोलींत ऐकत असतील, हें तिला ठाऊक असे. तरी गाणें जात्यास उद्देशून असल्यामुळें त्याबद्दल तिला कोणीं जाब विचारूं शकत नसे. म्हणजे आर्त वाणीस नियम लागतो तो केवळ शोभेसाठीं नव्हे. नियम हा तिचा आडोसा असतो. पंतांसहि तो लागला. पुराणिकाच्या आसनावर बसून लोकांस धीर देणाऱ्या मनुष्यानें 'मला कोणी तारीत नाहीं' हें उघड्या गद्यांत कोणास सांगावें? त्यांस पृथ्वीवृत्ताचा आडोसा होता, दळणारणीस जात्याचा.

एक भेद मात्र विसरतां कामा नये. दळण बहुधा दोघीजणींचें असे. एकीनें ओवी म्हटली कीं दुसरी ती उचलून धरी. एकीचें दुःख दुसरीच्या हातास लागे आणि फेरा पुढें जाई. पालखींत तर पाठीमागें दिंडीच असते. केका मात्र एकट्याची. म्हणूनच केकावलीच्या अखेरीकडे कवीनें जें मागितलें आहे, तें आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें. शाळांतून प्रार्थना म्हणून म्हटली जाणारी ती प्रसिद्ध केका सज्जनांच्या संगतीची याचना करते. रोजच्या पाठानें ती नीतिवचन होऊन बसली आहे, आणि मुलांनीं चांगले मित्र जोडावेत एवढाच तिचा उपयोग उरला आहे. पण तिच्या मूळ स्थळीं ती वाचावी. सर्व युक्तिवाद करून झाले आहेत, देव आलेला नाहीं, आणि आतां कवि सोबत मागतो. ज्यास दळणाच्या दुसऱ्या खुंटेकरणीची सोबत कधीं लाभली नाहीं, त्या पंडिताची ती याचना आहे. पंतांच्या भाग्यानें ती कांहीं अंशीं पुरी झाली. राम जोशी यांच्यासारख्या लावणीकारानें पंतांच्या आर्या कीर्तनांत गाइल्या, आणि पोथींतलें काव्य लोकांच्या गळ्यांत आलें.

येथवरच्या विवेचनाचा संशोधकांशीं व संग्राहकांशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. संस्कृत शास्त्रांत 'काकु' असा एक शब्द आहे. शोक, भीति इत्यादींमुळें आवाजांत जो पालट होतो, त्यास अमरसिंह काकु म्हणतो. पोथी शब्द राखते, काकु राखीत नाहीं. आम्ही हस्तलिखितें गोळा करतों, त्यांचे पाठभेद टिपतों, लेखकाचें नांव व शक पुष्पिकेंतून उतरून घेतों. परंतु हें पद्य कोण, कोणापुढें, कोणत्या चालीवर, कोणत्या प्रसंगीं म्हणे, याची नोंद शंभरांतून एखाद्या यादींत सांपडते. ती नोंद नसली म्हणजे पुढच्या समीक्षकास वृत्त व शब्द एवढेंच हातीं लागतें, आणि मग 'कठीण, म्हणून खोटें' असले निवाडे होऊं लागतात. पुष्पिकांचेंच उदाहरण घ्यावें. पाठ, कंबर व मान मोडून, दृष्टि खालीं लावून हा ग्रंथ मोठ्या कष्टानें लिहिला, तो जिवापाड सांभाळा, अशा अर्थाचा ठरीव श्लोक शेंकडों पोथ्यांच्या अंतीं आढळतो. ठरीव म्हणून आपण तो सोडून देतों. परंतु तो लिहिणाऱ्या प्रत्येक लेखकाची पाठ खरोखरच दुखत होती.

म्हणून आमची विनंति अशी कीं, घरोघरच्या बाडांची तपासणी करतांना कर्त्याचें नांव नसलेलीं पानें रद्दींत घालूं नयेत. समासांत किंवा हिशेबाच्या पाठकोऱ्या पानांवर एखादी ओवी, एखादें करुणापर पद उतरलेलें असलें, तर तें ज्या घराचें, ज्या माणसांच्या म्हणण्यांतलें, त्याची विचारपूस करून तीहि माहिती प्रतीच्या वर्णनांत घालावी. जेथें जुन्या चाली म्हणणाऱ्या वृद्ध स्त्रिया आहेत, तेथें आधीं ध्वनिमुद्रण करावें, मग लेखन. केकावलीच्या प्रती पुष्कळ आहेत, आणि छापील आवृत्त्यांमुळें तिला भय नाहीं. जातीं मात्र बहुतेक घरांतून उठलीं. तीं घराबाहेर टाकलेलीं किंवा पायरीस लावलेलीं दिसतात. त्यांवर म्हटलेलें कोणाच्या तरी स्मरणांत अजून आहे, आणि तें स्मरण वयोवृद्ध आहे. कऱ्हेकांठच्या मयूराची हांक आपण प्रत्येक पाठभेदासह जतन केली. त्याच रस्त्यावर पहांटे उठून जिनें दगडाशीं बोलून आपलें दुःख हलकें केलें, तिच्या हांकेचाहि एक पाठ आपल्या संग्रहांत असावा.